दाखला म्हणजे शिक्का नव्हे

जून महिना आला की आपल्या वस्त्यांमधून एकच धांदल उडते. कुणी वह्यांचे गठ्ठे आणतो, कुणी मोठ्या भावाचा गणवेश धाकट्याच्या मापाचा करून घेतो, कुणी पगारातून उचल घेऊन फी भरतो. स्वतः अंगठा उठवणाऱ्या आजीलाही नातवाचे दप्तर नवे हवे असते. शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेण्याची ही सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावली आणि ती आपण अजून सोडलेली नाही.

पण याच दिवसांत गल्लीतल्या एखाद्या घरात वेगळाच वाद चालू असतो. "याला यंदा शाळेत पाठवायचा, की कुठे कामाला लावायचा?" मूल दहा-बारा वर्षांचे असते. पाचवी-सहावीपर्यंत पोहोचलेले असते, पण त्याला धड वाचता येत नसते. शेजारीपाजारी 'ढ' म्हणून मोकळे होतात. आई नशिबाला बोल लावते, बाप हात उगारतो. आणि एक दिवस ते मूल गॅरेजमध्ये नाहीतर चहाच्या टपरीवर दिसू लागते.

अशा मुलांविषयी आज लिहायचे आहे. कारण अशा एका मुलाच्या बाबतीत आमच्याच हातून चूक झाली होती.

रविवारच्या वर्गातली गोष्ट

आमच्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. तेथे आम्ही काही वर्षे शिकवीत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा वर्गात येऊ लागला. बाप नाक्यावर उभा राहून बिगारी काम करणारा, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगा स्वच्छ, नम्र, वेळेवर येणारा. पण पुस्तक हातात दिले की त्याला घाम फुटायचा. 'घर'चे 'धर' वाचायचा, 'भात'चा 'मात' करायचा. काना-मात्रा गाळायचा. जोडाक्षर आले की थांबूनच राहायचा. एक ओळ वाचायला त्याला पाच मिनिटे लागत.

एका रविवारी आमचा तोल गेला. "अरे, तिसरीतली पोरं घडाघडा वाचतात, तुला लाज कशी वाटत नाही?" असे आम्ही सगळ्यांसमोर बोललो. मुले हसली. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्यानंतर बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. वंदना म्हणायला ठरलेला मुलगा ऐनवेळी घाबरला. तेव्हा हाच मुलगा पुढे आला आणि माईकसमोर उभा राहून त्याने त्रिशरण, पंचशील आणि पुढची सगळी वंदना पुस्तकाशिवाय म्हणून दाखवली. एक शब्द चुकला नाही. भाषा पाली. शब्दांचा अर्थ आमच्यापैकी अर्ध्या लोकांना नीट सांगता येणार नाही. ती याला नुसती ऐकून पाठ होती!

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. ज्याच्या डोक्यात एवढे राहते, त्याचे डोके रिकामे कसे? मग 'घर' हा दोन अक्षरी शब्द त्याला का वाचता येत नाही?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "सर, शाळेत पण हेच. तिथल्या बाई म्हणतात, ह्याला इथं बसवून उपयोग नाय, दुसऱ्या शाळेत घाला. ती येड्यांची शाळा ना ओ सर? माझं पोरगं येडं नाय. बाजारातनं पाच वस्तू आणायला सांगा, एक इसरत नाय. हिशोब चोख देतो."

आईने जे हेरले होते ते शाळेने हेरले नव्हते, आणि आम्हीही नाही.

हे नेमके असते काय?

आमच्या ओळखीच्या एक बाई विशेष शिक्षिका आहेत. शहर साधन केंद्रामार्फत त्या पालिकेच्या अनेक शाळांतून फिरतात. मुलाच्या वह्या घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. पंधरा मिनिटे त्यांनी वह्या चाळल्या, त्याच्याशी गप्पा मारल्या, एक गोष्ट सांगून प्रश्न विचारले. तोंडी उत्तरे सगळी बरोबर आली. तेच प्रश्न लिहायला दिले तेव्हा कागद जवळजवळ कोरा राहिला.

बाई म्हणाल्या, "आधी याचे डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर ही अध्ययन अक्षमता असू शकते. पण ते इस्पितळात तपासूनच ठरेल, मी सांगून नाही."

अध्ययन अक्षमता म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगतो. मुलाची बुद्धी सर्वसाधारण असते, कधी कधी चांगली तल्लख असते. डोळे-कान ठीक असतात. शिकवलेही जाते. तरीही अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड मेंदूत लवकर बसत नाही. वाचण्यातली अडचण असेल तर डॉक्टर तिला डिस्लेक्सिया म्हणतात, लिहिण्यातली असेल तर डिस्ग्राफिया आणि आकडेमोडीतली असेल तर डिस्कॅल्क्युलिया. काही मुलांत तिन्ही एकत्र असतात. हा आजार नाही, त्यावर गोळी नाही, टॉनिक नाही. आईच्या खाण्यापिण्याचा किंवा बापाच्या वागण्याचा हा दोष नाही. वेगळ्या पद्धतीने, सावकाश आणि नेमाने शिकवणे हाच त्यावर उपाय.

२००७ साली 'तारे जमीं पर' हा चित्रपट आला तेव्हा पुष्कळांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पण त्या चित्रपटातले घर मोठ्या पगाराचे होते. त्यामुळे असा समज होऊन बसला की हे दुखणे इंग्रजी शाळेतल्या मुलांचे. खरे तर ते चाळीत, झोपडीत, पाड्यावर सगळीकडे आहे. फरक एवढाच की बंगल्यातल्या मुलाला डॉक्टरकडे नेले जाते आणि आपल्या मुलाला 'ढ' म्हटले जाते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. काही मुलांची बुद्धीची वाढच मंद असते. त्यांच्यासाठी विशेष शाळा आहेत आणि त्या शाळांतून मुले स्वतःचे कपडे घालण्यापासून हातातल्या कलेपर्यंत पुष्कळ शिकतात. त्यांना 'येड्यांची शाळा' म्हणणे आपण सोडले पाहिजे. ज्यांना माणसांनी हलके नाव देऊन वेशीबाहेर ठेवले, त्यांनी तरी दुसऱ्याच्या लेकराला हलके नाव देऊ नये.

"एक शिक्का आहेच, दुसरा कशाला?"

तपासणीची गोष्ट काढली तेव्हा मुलाच्या वडिलांनी साफ नकार दिला. त्यांचे बोलणे आमच्या कानात अजून आहे.

"सर, जातीचा एक शिक्का आपल्या कपाळावर आहेच. आता पोराला अपंगाचा दुसरा शिक्का मारून आणू? उद्या नोकरीला गेला तर लोक म्हणतील, हा दोन्हीकडनं खालचा."

हे म्हणणारा माणूस अडाणी नव्हता. आयुष्यभर खाल्लेल्या टोमण्यांतून तो बोलत होता. आमच्याजवळ लगेच उत्तर नव्हते. थोड्या वेळाने आम्ही त्यांना विचारले, "दादा, तुम्ही पोराचा जातीचा दाखला काढला तेव्हा लाज वाटली होती का?"

"लाज कसली? हक्काचा आहे तो. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला."

"मग हाही हक्काचाच आहे. जातीच्या दाखल्याने आपण खालचे झालो नाही. आपल्याला अडवून ठेवले होते हे त्याने सरकारला मान्य करायला लावले, आणि आडकाठी काढायला लावली. हा दाखलाही तेच करतो. पोरगा अडला आहे, त्याला अमुक मदत द्या, एवढेच त्यावर लिहिलेले असते."

ते गप्प राहिले. आठ दिवसांनी निरोप आला, "सर, कधी जायचं ते सांगा."

वाचक बंधू-भगिनींनो, या लेखात दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण एवढे राहू द्या. आपल्या समाजातले कितीतरी आईबाप केवळ या 'शिक्क्या'च्या भीतीने मुलाची अडचण झाकून ठेवतात. झाकलेली अडचण वाढते आणि मूल शाळेतून गळते.

चार खाडे आणि एक कागद

तपासणी सोपी नव्हती, हे खोटे न बोलता सांगितले पाहिजे. मुंबईत सायनचे लोकमान्य टिळक, नायर, केईएम अशा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी लागते. एका फेरीत काम होत नाही. बालरोग विभाग, डोळे, कान, मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी, असे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याला तारीख मिळते. एका खिडकीवर "शाळेचे पत्र नाही" म्हणून परत पाठवले, दुसऱ्या वेळी तपासणाऱ्या मॅडम रजेवर होत्या. बापाचे चार खाडे पडले. चार दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

पण अखेर कागद हाती आला. बुद्धी सर्वसाधारण, वाचन व लेखनाची अध्ययन अक्षमता. आईने तो कागद दोनदा उलटसुलट पाहिला आणि विचारले, "म्हंजी माझं पोरगं ढ नाय, असं लिवलंय ना ह्यात?" होय, तसेच लिहिले होते.

पुढे विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा त्याला वेगळे बसवून शिकवू लागल्या. अक्षरे बोटाने वाळूत गिरवणे, शब्द तोडून त्याचे आवाज टाळी वाजवून म्हणणे, रंगीत खडूने काना-मात्रा दाखवणे, असा तो अभ्यास. वर्गात त्याला फळ्याजवळ पहिल्या बाकावर जागा मिळाली. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळाला. तो उत्तर सांगायचा आणि खालच्या इयत्तेतला एक विद्यार्थी लिहायचा. तो दुसऱ्या वर्गात पास झाला. फार मोठा पराक्रम नव्हे, पेपरात फोटो येण्यासारखा तर नव्हेच. पण चौदा एप्रिलला आमच्या गल्लीची सगळी रोषणाई तोच करायचा, आणि आज आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा करून तो कमावता झाला आहे. अजूनही सावकाशच वाचतो. पण वाचतो.

जिच्यासाठी उशीर झाला

प्रत्येक गोष्ट अशी गोड होत नाही. त्याच गल्लीत एक मुलगी होती. लहानपणी तिचा कान वारंवार फुटायचा. कानातून पू यायचा, आई तेल सोडायची, कुणीतरी लसणाची पाकळी ठेवायला सांगायचे. हळूहळू ऐकू कमी येऊ लागले. ती शाळेत मागच्या बाकावर बसायची आणि बाईंचे निम्मे बोलणे तिच्यापर्यंत पोहोचायचेच नाही. "लक्ष नाही", "उर्मट आहे", "हाक मारली तर ओ देत नाही" अशा तक्रारी येत राहिल्या. पाचवीनंतर तिने शाळा सोडली. तिचे कान कोणी तपासले तोवर ती सोळा वर्षांची होऊन आईबरोबर कामाला जात होती.

कान वेळीच दाखवले असते आणि तिला पुढच्या बाकावर बसवले असते, तरी पुष्कळ फरक पडला असता. मुलगी असल्यामुळे तिच्या गप्प राहण्याचे कुणाला काही वाटलेही नाही. मुलगा ओरडून, मारामाऱ्या करून आपली अडचण दाखवतो. मुलगी गप्प बसते आणि तिला 'गुणी' म्हणून सोडून दिले जाते. आयाबहिणींनो, आपल्या गप्प मुलीकडे जरा जास्त लक्ष द्या.

तथागतांचा मंद शिष्य

ही मुले आणि त्यांना शिकवण्याची रीत नवी वाटते, पण आपल्या धम्माच्या परंपरेत ती फार जुनी आहे. चूळपंथक भिक्खूची कथा अनेकांनी विहारात ऐकली असेल. राजगृहातल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी घरातल्या दासाबरोबर निघून गेली. तिला दोन मुलगे झाले, तेही वाटेवरच. म्हणून त्यांची नावे पंथक पडली. थोरला तो महापंथक आणि धाकटा तो चूळपंथक. दोघेही पुढे भिक्खू झाले. थोरला तीव्र बुद्धीचा. धाकट्याला मात्र चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. नवी ओळ आली की जुनी जायची.

थोरल्या भावाने त्याला सांगितले की तुला हे जमणार नाही, तू घरी जा. जीवकाने संघाला भोजनाचे आमंत्रण दिले तेव्हा त्याने धाकट्याला त्यात धरलेही नाही. लक्षात घ्या, महापंथक वाईट माणूस नव्हता. तो चांगला, विद्वान भिक्खू होता. पण आपल्याला जे सहज येते ते दुसऱ्याला का येत नाही, हे त्याला कळले नाही. रविवारच्या वर्गात आमचेही हेच झाले होते.

चूळपंथक पहाटे विहार सोडून निघाला, तेव्हा दाराशी त्याला तथागत भेटले. त्यांनी त्याला परत आणले. पुन्हा तीच गाथा घोकायला लावली नाही. एक स्वच्छ कापडाचा तुकडा हातात दिला, आणि मळ पुसण्याविषयीचा एकच छोटा शब्द म्हणत तो हाताने चोळत राहायला सांगितले. थोड्या वेळाने कापड मळले. जे शुभ्र होते ते बदलले, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि अनित्यता त्याला उमजली. कथेतला चमत्काराचा भाग सोडून द्या. उरते ते असे की गुरूने शिष्य बदलला नाही, धडा बदलला. लांब गाथेऐवजी एक शब्द, घोकण्याऐवजी हाताला काम, सगळ्यांबरोबर धावण्याऐवजी त्याच्या चालीने शिकणे. आजच्या विशेष शिक्षणात प्रत्येक मुलासाठी 'वैयक्तिक शिक्षण आराखडा' करतात. त्याचे सूत्र यापेक्षा वेगळे नाही.

या कथेला पुढे कुणीतरी मागच्या जन्मीच्या कर्माचे शेपूट जोडले आहे. आपल्याकडेही दिव्यांग मूल जन्मले की 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणणारे आहेत. माणसाचे आजचे दुःख मागच्या जन्मीच्या पापातून येते, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. तेव्हा असे बोलणाऱ्याला नम्रपणे पण स्पष्ट उत्तर द्यावे.

कायदा आपल्या बाजूला काय देतो?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हे प्रकार २१ केले आणि त्यात अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांचा समावेश झाला. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. महाराष्ट्राने तर अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती १९९६ पासूनच दिल्या होत्या. पण त्या आपल्या वस्तीपर्यंत पोहोचायला फार वर्षे लागली.

आज प्रत्येक पालकाला पुढील गोष्टी माहीत असाव्यात.

४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुलातली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करणे हे २०१६ च्या कायद्याने शाळेचे कर्तव्य ठरवले आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयींची तरतूदही त्यात आहे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे जादा वेळ तासामागे किमान २० मिनिटे धरला जातो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मारणे आणि मानसिक छळ यांनाही बंदी आहे. "तुमच्या मुलाला घेऊन जा" असे तोंडी सांगितले तर घाबरून दाखला काढू नका, लेखी मागा. महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाल्या आहेत आणि फेरपरीक्षेतही नापास झालेले मूल त्याच वर्गात राहू शकते. त्यामुळे आठवीपर्यंत ढकलत नेऊ, मग बघू, ही सवय आता महागात पडेल.

समग्र शिक्षा योजनेतून दिव्यांग मुलींना पहिली ते बारावी दरमहा २०० रुपये, वर्षातून दहा महिने, प्रोत्साहन भत्ता आहे. गरजेप्रमाणे चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेल पुस्तके, प्रवास आणि मदतनीस भत्ता मिळू शकतो. शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलांसाठी विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतात.

कागदावर हे सगळे आहे. प्रत्यक्षात एकेका विशेष शिक्षकाच्या माथी अनेक शाळा असतात. केंद्राच्या २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याबाबत निकाल दिला आणि २०२५ मध्ये राज्यांना पदे जाहीर करायला पुन्हा बजावले. दोनदा सांगावे लागले, यातच सारे आले. म्हणून मागणाऱ्यांचा आवाज हवा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. तेथे आपली माणसे असली पाहिजेत आणि "आमच्या शाळेत विशेष शिक्षक कोणत्या वारी येतात?" हा प्रश्न त्यांनी विचारला पाहिजे.

पालकांनी काय करावे?

पहिले काम, डोळे आणि कान. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथक शाळेत येऊन मुले तपासते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथकाने चिठ्ठी दिली तर ती फडताळात न ठेवता इस्पितळ गाठा.

दुसरे, मुख्याध्यापकांना साध्या मराठीत अर्ज द्या. "माझ्या मुलाला वाचन-लेखनात अडचण आहे, विशेष शिक्षकांकडून पाहणी करून तपासणीसाठी पत्र द्यावे," एवढे पुरे. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. दाद मिळाली नाही तर केंद्रप्रमुख, गट साधन केंद्र किंवा शहर साधन केंद्र, आणि त्यापुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त अशी पायरी आहे.

तिसरे, इस्पितळात जाताना शाळेचे पत्र, प्रगतिपुस्तके, मुलाच्या दोन-तीन वह्या, आधारकार्ड आणि फोटो घेऊन जा. आम्ही वह्या नेल्या नसत्या तर आणखी एक खाडा पडला असता. अध्ययन अक्षमतेची पक्की तपासणी साधारण आठ वर्षांनंतर होते. मूल तिसरी-चौथीत गेले की चालढकल करू नका. दिव्यांगत्वाचा दाखला आता यूडीआयडी कार्डासह ऑनलाईन निघतो. एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही.

चौथे, दहावीच्या सवलतीचा अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे जातो. नववीतच मुख्याध्यापकांना भेटून ठेवा. परीक्षेच्या तोंडावर धावपळ केली तर हातात काही लागत नाही.

आणि पाचवे घरातले. मारू नका. मारल्याने अक्षर ओळखू येत नाही, फक्त पुस्तकाची भीती बसते. परातीत पीठ पसरून त्यावर अक्षर गिरवू द्या. चिंचोके मांडून बेरीज-वजाबाकी करवा. एका वेळी एकच काम सांगा. मोठ्या बहिणीने धडा मोठ्याने वाचावा आणि याने ऐकून आपल्या शब्दांत सांगावा. अभ्यासाची वीस मिनिटे रोज, पण नेमाने. आणि त्याला जे चांगले येते, मग ते चित्र असो, ढोलकी असो की वायर जोडणे असो, त्याचे कौतुक चारचौघांत करा. कौतुकाला पैसे पडत नाहीत.

विहारात एक कोपरा

सातारच्या शाळेत लहानग्या भीमाला वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागले. तो तुकडाही रोज घरून न्यावा-आणावा लागे. वर्गात असून वर्गाबाहेर असणे काय असते, हे आपल्याइतके कोणाला माहीत? मग आपल्याच वस्तीतले एक मूल मागच्या बाकावर तसेच एकटे बसले असेल, तर ते आपल्याला दिसायला हवे.

आमच्या विहारात आता रविवारच्या वर्गाला एक कोपरा वेगळा ठेवला आहे. वेगळा म्हणजे बाजूला काढलेला नव्हे. तेथे वाळूचा ट्रे आहे, मोठ्या अक्षरांची कार्डे आहेत, आणि तेथे बसायला सगळ्याच मुलांना आवडते. आमचा तो वीजतंत्री सुट्टीच्या रविवारी येऊन लहानांना अक्षरे गिरवायला बसवतो. परवा एक पोरगी 'घर'चे 'धर' वाचत होती. दुसरी मुले हसू लागली. आम्ही काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "हसू नका रे. मला पण हे एक वरीस छळत होतं." आणि तिचे बोट धरून त्याने वाळूत 'घ' काढला.

आपल्या गल्लीत, आपल्या घरात असे एखादे मूल असेल तर हा जून वाया घालवू नका. दाखल्याची लाज बाळगू नका. जयभीम.